खण, चौरस फूट आणि पलंग

घराचा नकाशा हाती आला की आपण आधी खोल्या मोजतो, खोली मोजत नाही. जुन्या वाड्यांत तसं नव्हतं. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण. 'माजघर तीन खणांचं' म्हटलं की सुतारापासून आजीपर्यंत सगळ्यांना अंदाज यायचा.

मुंबईत गिरण्या आल्या, माणसं आली, आणि पुढे माप चौरस फुटांत बोललं जाऊ लागलं. 1920 साली सरकारने बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढलं. त्याच्या बीडीडी चाळी 207, एका चाळीत 80 खोल्या, खोली 160 चौरस फूट. खोलीचं माप ठरलेलं, आतली माणसं मात्र कितीही!

नुसतं क्षेत्रफळ पुरत नाही, हे पुढे नियमांतही आलं. नॅशनल बिल्डिंग कोडच्या 2016 च्या आवृत्तीत एकच राहती खोली असेल तर किमान 9.5 चौरस मीटर आणि रुंदीही किमान 2.4 मीटर सांगितली आहे. नाहीतर बोळालाही खोली म्हणता येईल.

परवा चुलतभावाने नव्या घराचा नकाशा दाखवला. काकूची खोली 10 बाय 10. साडेसहा फुटांचा पलंग, त्याच्या पायथ्याशी दोन फूट खोल कपाट. उरलं दीड फूट, तेही प्लास्टर धरायच्या आधी. कपाटाचं दार उघडणार कसं? आणि उद्या काकूला वॉकर लागला तर?

तेव्हा मंडळी, नकाशावर आधी पलंग काढा, मग माणूस चालवून बघा. भिंत कागदावर असते तोवर फुकटात सरकते.