निपाणी तंबाखू : जमीन आणि तिचा कस

बेळगाव जिल्ह्यातील निपाणी-चिकोडी भागात आणि सीमेपलीकडे कागलकडे घेतले जाणारे विडीच्या तंबाखूचे कोरडवाहू पीक. कर्नाटक म्हटले की कोडगू-चिकमगळूरची कॉफी आठवते. पण कॉफीला सावली, चांगला निचरा आणि काहीशी आम्लधर्मी माती लागते. निपाणीची माती बेसॉल्टपासून झालेली, काळी, ओल धरून ठेवणारी. पावसाळ्यात मुरलेल्या याच ओलीवर तंबाखू हिवाळ्यापर्यंत तग धरते.

बी इतके बारीक, की एका ग्रॅममध्ये दहा हजारांहून अधिक दाणे मावतात. म्हणून आधी वाफ्यात तरवा टाकतात व मग रोपांची लावण करतात. कळ्या दिसू लागल्या की शेंडा खुडतात, त्यानंतर पानांच्या बगलेतले फुटवे पुन्हा पुन्हा काढावे लागतात. बियांकडे जाणारे अन्न अशा रीतीने पानांत वळते. पान जाड होते, कडकपणा वाढतो. अर्थात हा कडकपणा जमिनीतूनच येतो. तंबाखू नत्र आणि पालाश भरपूर उचलते, आणि पाने रानाबाहेर जात असल्याने ते परत मिळत नाही. शेणखत घालणे, रानात मेंढ्या बसवणे हे त्यावरचे जुने उपाय. पालाश देतानाही जपावे लागते : म्युरेट ऑफ पोटॅशमधील क्लोराइडमुळे पान नीट जळत नाही, म्हणून सल्फेट ऑफ पोटॅश बरे.

त्याच रानात वर्षानुवर्षे तंबाखू घेतली की बंबाखू माजतो. हे बिनहिरव्या खोडाचे परोपजीवी तण तंबाखूच्या मुळांवर जगते आणि त्याचे बी मातीत अनेक वर्षे जिवंत राहते. फुलण्याआधी उपटणे आणि पिकांची फेरपालट करणे, याला पर्याय नाही.

खत-मेहनतीचा खर्च भावातून निघत नाही, हे गाऱ्हाणे इथे जुने आहे. शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी मार्च 1981 मध्ये निपाणीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग रोखून धरला. 6 एप्रिल रोजी पोलिसांच्या गोळीबारात शेतकऱ्यांचे बळी गेले.

पुढे दूधगंगा-वेदगंगेच्या पाण्यावर ऊस वाढला, इतरत्र सोयाबीन आले. तंबाखू जमिनीचा कस खाते, हा आरोप खरा असला तरी उसाला निर्दोष ठरवणे चूक आहे : निचरा नसलेल्या काळ्या रानाला सतत पाणी पाजले, तर ते क्षारपड होते.