मांडीवरचें पुस्तक

श्रोतेहो, पुस्तक म्हटलें कीं आमच्या पिढीच्या डोळ्यांपुढें दप्तर उभें राहतें. पण ज्यानें अजून पहिलें पाऊल टाकलेलें नाहीं, अशा बाळाच्या हातीं आज जाड पुठ्ठ्याचें, गोल कोपऱ्यांचें, चित्रांचें पुस्तक दिसतें आणि आई त्यांतलें गाणें म्हणूं लागते. हें मांडीवरचें पुस्तक आलें कोठून, आणि आपल्या वऱ्हाडांत त्याचें काय व्हावें, याविषयीं आज थोडें बोलणार आहें.

पूर्वीं मुलाच्या हातीं प्रथम पडे तें अक्षर, गाणें नव्हे. आपल्याकडे पंतोजींच्या शाळेंत धूळपाटीवर बोटानें ओनामा गिरवीत. इंग्लंडांतहि कित्येक पिढ्या मुलांस मूठ असलेली एक लांकडी फळी देत. तिच्यावर मुळाक्षरांचा व प्रार्थनेचा कागद चिकटविलेला असे, आणि तो मळूं नये म्हणून वर शिंगाचा पारदर्शक पापुद्रा बसवीत. फळी टिकाऊ खरी, पण तींत गंमत नव्हती.

पुढें १७४४ सालीं लंडनला बालगीतांचें एक चिमुकलें सचित्र पुस्तक निघालें. इंग्रजी बालगीतांचा आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना छापील संग्रह तोच. गाणें पुस्तकांत आलें, पण कागद फाटावयाचा तो फाटेच. १९०३ सालीं तेथील डीन कंपनीनें कापडावर छापलेलीं, धुतां येण्याजोगीं पुस्तकें काढण्यास आरंभ केला. नंतर पुठ्ठ्याचीं पानें आलीं. तान्हें मूल पुस्तक वाचीत नाहीं. तें चावतें, ओढतें, आपटतें. छापणाऱ्यांनीं हें ध्यानीं घेतलें, तेव्हां कोठें पुस्तक मांडीवर आलें.

आपल्याकडे गाण्याला बालशिक्षणांत मानाचें पान देणाऱ्यांत ताराबाई मोडक अग्रगण्य होत. विवाहानंतर कांहीं वर्षें त्यांचें बिऱ्हाड अमरावतीस होतें, याचा आपणांस अभिमान वाटावा. १९२३ सालीं त्या भावनगरास गिजुभाई बधेका यांच्या कार्यांत सामील झाल्या. १९२६ सालीं नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. १९४५ नंतर बोर्डीस व पुढें कोसबाडास त्यांनीं अनुताई वाघ यांच्यासह शाळाच आदिवासी मुलांच्या अंगणांत नेली. दगड, शिंपले, पानें हीं साधनें. गाणें आणि गोष्ट हे पाठ. मुलाच्या घरीं जें आहे, तेथूनच आरंभ करावा, अशी त्यांची रीत होती.

मला हें फार उशिरां उमगलें. मी अकोला जिल्ह्यांत शिक्षक होतों. पहिलींतली एक मुलगी धाकट्या भावाला मांडीवर घेऊन आजीचें गाणें म्हणत होती. तिचें ‘मले’, ‘तुले’ मीं ‘मला’, ‘तुला’ असें सुधारून दिलें. तिनें तसें म्हणून पाहिलें. यमक मोडलें, ठेका अडखळला आणि ती गप्प झाली. तें गाणें पुन्हा तिच्या तोंडून ऐकूं आलें नाहीं. मलाहि तें आतां आठवत नाहीं. शुद्ध भाषेच्या आग्रहापायीं एक गाणें माझ्या हातून गेलें.

निवृत्तीनंतर नातू झाला. त्याच्यासाठीं दर्यापूरच्या थोरल्या बहिणीकडून आईचीं चार गाणीं उतरून आणलीं. ‘ळ’च्या जागीं ती ‘य’ म्हणे, तो तसाच ठेवला. जुन्या वह्यांचे पुठ्ठे कापले आणि कणकेची खळ शिजविली. कीड लागूं नये म्हणून बाइंडर खळींत मोरचूद घालतात. पण तो विषारी, आणि हें पुस्तक तर तोंडांतच जाणार. म्हणून तो वर्ज्य केला. परिणाम असा कीं पहिल्याच पावसाळ्यांत झुरळांनीं कडा कुरतडल्या, आणि सारें पुन्हा चिकटवावें लागलें. सुनेनें चित्रें काढलीं : कपाशीचें बोंड, ज्वारीचें कणीस, चुलीजवळची मांजर. नातू बोंडावर बोट ठेवतो आणि माझी बहीण गाते तसाच हेल काढतो.

श्रोतेहो, आपल्या घरींहि कोणी आजी, मावशी, आत्या असेल. ती म्हणेल तसें गाणें लिहून घ्या. एक अक्षरहि सुधारूं नका. पुठ्ठा आणि खळ यांची सोय मागाहून केव्हांहि होईल.