शिंकान्सेनचे अंदाजपत्रक

प्रकल्प यशस्वी झाला म्हणून त्याचे खोटे अंदाजपत्रक क्षम्य ठरते का? जपानच्या तोकाइदो शिंकान्सेनचे आकडे जुळवताना हा प्रश्न मला सतत अडवतो.

१९५९ साली काम सुरू झाले तेव्हा खर्चाचा अंदाज सुमारे २०० अब्ज येन होता. तो ३८० अब्जांवर गेला. खऱ्या आकड्याला संसद मंजुरी देणार नाही, हे ओळखून राष्ट्रीय रेल्वेचे अध्यक्ष शिंजी सोगो यांनी तो मुद्दाम कमी दाखवला, असे मानले जाते. १९६१ साली जागतिक बँकेचे आठ कोटी डॉलर कर्ज घेतले गेले. डॉलरला ३६० येन धरले तर हे एकूण खर्चाच्या आठ टक्केही नव्हते. पण परक्यांशी करार झाल्यावर सरकारला माघार घेणे अवघड झाले. माझ्या मते कर्जाचा खरा उपयोग तोच.

१९६३ साली वाढीव खर्च उघडकीस आला आणि सोगोंचे पद गेले. १ ऑक्टोबर १९६४ रोजी गाडी धावली, मार्ग फायद्यात आला, १९८१ साली कर्जही फिटले.

तरीही मला सोगोंची बाजू पूर्ण पटत नाही. मुंबई-अहमदाबाद मार्ग मंजूर झाला तो १.०८ लाख कोटी रुपयांच्या अंदाजावर. फायदा-तोटा पुढे कळेल; खरा आकडा मात्र करदात्याला आधीच कळायला हवा.