अष्टमुडीच्या तिसऱ्या आणि मच्छीमारांची बंदी

केरळमधील कोल्लम शहराला लागून असलेले अष्टमुडी हे वेंबनाडखालोखाल राज्यातील सर्वांत मोठे खाडीसरोवर होय. कल्लडा नदी त्यास येऊन मिळते आणि नीण्डकरा येथे ते अरबी समुद्राला भिडते. २००२ मध्ये या पाणथळ क्षेत्राचा रामसर यादीत समावेश झाला. सरोवराच्या वाळूमिश्रित तळात मिळणारे शिंपले हे कोकण-गोव्यात आवडीने खाल्ल्या जाणाऱ्या तिसऱ्यांच्याच जातकुळीतले. पुरुषांनी पाण्यात उतरून ते काढायचे, काठावर ते उकडून मांस वेगळे करायचे आणि टरफले चुन्यासाठी विकायची, असा हा व्यवसाय. सुमारे तीन हजार लोकांचे पोट त्यावर अवलंबून होते.

१९८१ च्या सुमारास या मांसाला परदेशातून मागणी येऊ लागली. उपसा वाढत गेला आणि १९९१ मध्ये वार्षिक उत्पादन दहा हजार टनांवर पोहोचले. पुढील दोनच वर्षांत ते जवळजवळ निम्म्यावर आले. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने केलेल्या अभ्यासाच्या आधारे मग काही निर्बंध ठरले. प्रजननकाळात, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारी, शिंपले काढायचे नाहीत. जाळ्याची आस किमान ३० मिलिमीटर असावी. यांत्रिक उपसा करू नये. निर्यातीच्या मांसात एका किलोला १४०० पेक्षा अधिक नग भरू नयेत. यांतील शेवटची अट विशेष परिणामकारक म्हणावी लागेल. लहान शिंपल्यांना गिऱ्हाईकच उरले नाही, तर ते काढण्यासाठी बुडी कोण मारणार?

तीन महिने कमाई बुडणे हातावर पोट असलेल्यांना सोपे नव्हे. तरीही मच्छीमारांनी ही बंदी मान्य केली, कारण रिकाम्या होड्या त्यांनी पाहिल्या होत्या. पुढे मच्छीमार, मत्स्यविभाग, शास्त्रज्ञ, निर्यातदार आणि जिल्हा प्रशासन यांची संयुक्त व्यवस्थापन परिषद अस्तित्वात आली. डब्ल्यूडब्ल्यूएफ-इंडियाचेही तिला साहाय्य लाभले. नोव्हेंबर २०१४ मध्ये या मत्स्यव्यवसायास मरीन स्ट्युअर्डशिप कौन्सिलचे शाश्वततेचे प्रमाणपत्र मिळाले. हा मान मिळवणारा तो भारतातील पहिलाच मत्स्यव्यवसाय.

मात्र नियम पाळले जातात ते शिंपले काढणाऱ्यांकडून. सरोवरात येऊन मिसळणाऱ्या सांडपाण्यास ते लागू होत नाहीत. प्रदूषण, बदलते हवामान आणि दक्षिण अमेरिकेतून आलेल्या चारू या परक्या शिंपल्याने तळावर केलेले आक्रमण यांमुळे अलीकडच्या वर्षांत उत्पादन हजार टनांच्याही खाली घसरले. २०२४ च्या प्रारंभी मत्स्यसंशोधन संस्थेने आपल्या बीजकेंद्रात वाढविलेले शिंपल्यांचे सुमारे तीस लाख बीज सरोवरात सोडले. हे बीज तग धरून प्रजननक्षम होईपर्यंत त्याला हात न लावण्याची जबाबदारी पुन्हा त्याच मच्छीमारांवर आहे. पाणी स्वच्छ राखणे मात्र त्यांच्या हाती नाही, आणि ज्यांच्या हाती आहे त्यांच्यासाठी कोणताही बंदीकाळ ठरलेला नाही.