कढईतलं वाळवण

नूडल्सच्या पाकिटाला आजी ‘आळशाचं जेवण’ म्हणायची. पाणी उकळा, टाका, खा. यात रांधणं कुठं आलं? हे ती ऐकवायची ते गच्चीवर, जुन्या धोतरावर सोऱ्याने कुरडया घालता घालता. कावळे हाकलायचं काम माझ्याकडे असे. त्या धोतरावर जे वाळत होतं आणि त्या पाकिटात जे होतं, ते एकाच कुळातलं आहे हे तिला ठाऊक नव्हतं आणि मलाही. आजीच्या हाताशी एप्रिलचं ऊन होतं. पाकीट ज्याने घडवलं, त्याच्या हाताशी कढई होती, एवढाच काय तो फरक.

त्या माणसाचं नाव मोमोफुकु आंदो. जन्म १९१० चा, तैवानमधला. तैवान तेव्हा जपानच्या ताब्यात होतं. कापडाचं दुकान चालवणाऱ्या आजी-आजोबांकडे तो वाढला, विशीत स्वतःही कापडाच्याच धंद्यात पडला आणि पुढे जपानातल्या ओसाका शहरात येऊन राहिला. युद्धात ओसाका बेचिराख झालं. युद्ध संपल्यानंतर एका थंडीच्या रात्री उमेदा स्टेशनामागच्या काळ्या बाजारातून जाताना त्याला एका गाडीसमोर लांबलचक रांग दिसली. फाटक्या कपड्यांतली माणसं कुडकुडत उभी होती, गरम रश्श्यातल्या शेवयांच्या एका वाडग्यासाठी. ती रांग आंदो पुढे आयुष्यभर सांगत राहिला.

त्या शेवया म्हणजे रामेन. मूळ चिनी शब्द ‘लामिएन’, म्हणजे हाताने ओढून लांबवलेल्या शेवया. जपानात त्यांना तेव्हा बहुतेक जण ‘चूका सोबा’, म्हणजे चिनी शेवया, असंच म्हणत. ‘रामेन’ हे नाव घराघरांत रुळलं ते बऱ्याच अंशी आंदोच्या पाकिटामुळे. पदार्थ जुना आणि नाव पाकिटावरचं, हा प्रकार पुढे आपल्याकडेही होणार होता.

जपानात तेव्हा तांदळाची टंचाई होती आणि अमेरिकेतून गहू येत होता. सरकार लोकांना सांगत होतं, पाव खा. (अमेरिकेतून आलेली लाल मिलो खाऊन दिवस काढलेल्या आपल्याकडच्या पिढीला यातलं दुखणं वेगळं सांगायला नको.) आंदोचा सरकारी अधिकाऱ्यांना प्रश्न होता की पावच का? आमची माणसं शेवया खातात, त्याच गव्हाच्या शेवया का करत नाही? उत्तर मिळालं, शेवया करणारे कारखानदार अगदी किरकोळ आहेत, एवढा माल पुरवणार कोण. तुम्हाला एवढं वाटतं तर तुम्हीच मार्ग काढा.

मार्ग काढायला त्याला दहा वर्षं लागली, तीही नाइलाज झाला तेव्हा. १९५७ मध्ये तो अध्यक्ष असलेली पतसंस्था बुडाली आणि इकेदा गावातल्या घराखेरीज त्याच्याकडे काही उरलं नाही. वय सत्तेचाळीस. घरामागच्या आवारात त्याने एक शेड उभारली, शेवयांचं जुनं यंत्र आणलं, मोठी कढई आणली आणि वर्षभर पिठाशी झटापट केली. शेवई चवदार हवी, महिनोन्‌महिने टिकायला हवी, नुसत्या गरम पाण्याने शिजायला हवी आणि स्वस्त हवी. टिकाऊ झाली की पटकन शिजेना, पटकन शिजणारी टिकेना.

गाठ सुटली ती घरच्याच स्वयंपाकघरात, असं आंदो सांगे. बायको मासाको तेम्पुरा तळत होती. तेम्पुरा म्हणजे आपल्या भज्यांचा जपानी भाऊबंद. पातळ पिठात बुडवलेला तुकडा तेलात पडला की बुडबुड्यांचा फेस उठतो. हा फेस म्हणजे पिठातलं पाणी वाफ होऊन बाहेर पडत असतं. पाणी गेलं की त्याच्या जागी बारीक बारीक छिद्रं उरतात. पाणी ज्या वाटेने बाहेर गेलं, त्याच वाटेने ते परत आत येऊ शकेल, हे त्याच्या लक्षात आलं.

गोष्ट छान आहे, पण जरा जास्तच घोटीव वाटते. चीनमध्ये ‘यी मिएन’ नावाच्या तळून ठेवायच्या अंड्याच्या शेवया कितीतरी आधीपासून होत्या, तैवानमध्येही तळलेल्या शेवया मिळत. जपानात त्याच सुमारास या वाटेवर असलेला आंदो एकटा नव्हता. एका प्रतिस्पर्ध्याचं पेटंट त्याच्या कंपनीने पुढे पैसे मोजून विकत घेतलं. तेव्हा तळण्याचं श्रेय मी तरी त्याला एकट्याला देणार नाही. मात्र प्रत्येक पाकिटातली शेवई तंतोतंत तशीच निघेल, अशी घडी त्याने बसवली, आणि हे काम तळण्यापेक्षा कठीण आहे. दोनदा केलेली कुरडई कधी सारखी होते का, हे करणाऱ्या बाईला विचारा.

आता कुरडईकडेच येऊ. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटायचे, चोथा काढून चीक गाळून घ्यायचा, उकळत्या पाण्यात तो घाटून शिजवायचा आणि गरम असतानाच सोऱ्यातून पिळायचा. यात कळीची पायरी चीक शिजवण्याची. शिजताना पिठातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो. तसाच वाळवला तर पुन्हा मऊ व्हायला त्याला फारसं काही लागत नाही. साधी शेवई कच्च्या पिठाची, म्हणून ती उकळावी लागते. कुरडई एकदा शिजलेली, तिला गरम पाण्यात भिजवणंही पुरतं.

कारखान्यात नेमकं हेच होतं. पीठ मळताना त्यात क्षार घालतात. जपानी लोक त्याला कान्सुई म्हणतात, आणि तो आपल्या पापडखाराच्या नात्यातला आहे. त्यानेच शेवईला पिवळसर झाक येते आणि ती चावताना किंचित ताणली जाते. लाटलेल्या पट्टीच्या शेवया कापून पुढच्या पट्ट्यावर पडतात, तो पट्टा कापणाऱ्या रुळांपेक्षा हळू फिरतो. म्हणून त्या मागून रेटल्या जाऊन कुरळ्या होतात. कुरळेपणा शोभेचा नाही. शेवया एकमेकींना चिकटत नाहीत आणि तेल व वाफ यांना मधून वाट मिळते. मग त्यांना वाफवतात, हे झालं चीक शिजवणं. शेवटी साधारण दीडशे अंश सेल्सिअसच्या तेलात दीड-दोन मिनिटं, हे झालं गच्चीवरचं ऊन. आजीला दोन कडक दिवस लागत, इथे दोन मिनिटांत भागतं. त्याची किंमतही आहे. तयार शेवईत वजनाच्या पाचव्या हिश्शापर्यंत तेल राहतं. आजीचं ऊन मागे काही ठेवत नसे.

२५ ऑगस्ट १९५८ ला ‘चिकन रामेन’ बाजारात आलं. किंमत ३५ येन. ताज्या उदोन शेवयांचा गोळा तेव्हा ६ येनला मिळे. आज ज्याला आपण गरिबाचं, वसतिगृहाचं खाणं समजतो ते जन्माला आलं तेव्हा चैनीचं होतं. घाऊक व्यापारी नाक मुरडत होते, गिऱ्हाईक मात्र परत परत येत होतं. भाव उतरायला यंत्रं आणि खप दोन्ही वाढावे लागले.

१९६६ मध्ये आंदो अमेरिकेत गेला. तिथल्या माणसांकडे वाडगे नव्हते, त्यांनी शेवया मोडून कागदी पेल्यात टाकल्या, वर पाणी ओतलं आणि काट्याने खाल्ल्या. त्यातून १९७१ चं ‘कप नूडल’ निघालं. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत जपानात आसामा पर्वताजवळच्या बंगल्यात सशस्त्र टोळीने एका बाईला ओलीस धरलं. दहा दिवसांचा तो वेढा देशाने टीव्हीवर पाहिला, आणि कडाक्याच्या थंडीत कपातून वाफाळत्या शेवया खाणारे पोलिसही पाहिले. यापेक्षा चांगली जाहिरात पैसे देऊनही मिळाली नसती.

आपल्याकडे मात्र या कुळाला आडनाव मिळालं ते स्वित्झर्लंडचं. जूलियस मॅगी हा झुरिकजवळचा गिरणीवाला. कारखान्यात राबणाऱ्या बायांना घरी रांधायला वेळ नाही म्हणून त्याने १८८० नंतरच्या वर्षांत कडधान्यांच्या पिठाची झटपट सूपं काढली. त्याचा नूडल्सशी काही संबंध नव्हता. १९४७ मध्ये त्याची कंपनी नेस्लेत विलीन झाली आणि १९८० च्या दशकात नेस्लेने त्याच नावाने भारतात नूडल्स आणल्या. डालडा किंवा कोलगेटसारखं तेही सामान्यनाम झालं. वाण्याकडे ‘कुठलीही मॅगी द्या’ म्हणणारी माणसं मी पाहिली आहेत. २०१५ च्या जूनमध्ये शिशाच्या प्रमाणावरून देशभर बंदी आली, ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द ठरवून नव्याने तपासणी करायला सांगितली, आणि नोव्हेंबरात पाकिटं दुकानांत परत आली.

मराठी घरात ती आता पाकिटावरच्या कृतीप्रमाणे क्वचितच होते. कांदा-टोमॅटो परततात, मटार पडतात, कुणी काळा मसाला घालतं, कुणी वरून अंडं फोडतं. म्हणजे ज्या वेळेची बचत करायला ती जन्मली, ती वेळ आपण पुन्हा तिच्यात घालतो. आजीचा मूळ आक्षेप त्यामुळे बराचसा निकालात निघालाय.

ज्यांच्या घरी कुरडयांचा डबा आहे त्यांनी एकदा करून बघा. डब्याच्या तळाचा मोडका चुरा कडकडीत पाण्यात भिजवा, बोटाने दाबून मधला कडकपणा गेला की लगेच चाळणीत निथळा. खानदेशात, मराठवाड्यात अशी कुरडईची भाजी पूर्वीपासून करतात. बचकभर कांदा, मोहरी, हिरवी मिरची, मीठ बेताने, कारण कुरडईत ते आधीच असतं. गॅसवर उकळत ठेवू नका, लगदा होतो.