पाटीवरचे इंग्रजी

इंग्रजी पाट्यांतील चुका शोधून काढणे आणि त्यांवर हसणे हा आपल्याकडील सुशिक्षितांचा फार जुना छंद आहे. आगगाडीच्या खिडकीतून पाहताना, बाजारात हिंडताना, क्वचित देवदर्शनाच्या रांगेत उभे असतानाही आपली दृष्टी भिंतीवरील अक्षरांकडे जाते. 'फर्निचर' या शब्दाला अनेकवचनाचा 'स' जोडलेला दिसला की आपण शेजाऱ्यास कोपराने खुणावतो आणि आपले शिक्षण वाया गेले नाही असे समाधान मानतो. आम्हीही या छंदाला अपवाद नव्हतो. त्या छंदाची किंमत आम्हांस प्रथम कळली ती लामत्यास.

लामता हे बालाघाट जिल्ह्यातील गाव, गोंदिया-जबलपूर लोहमार्गावर बालाघाट आणि नैनपूर यांच्या दरम्यानचे एक स्थानक. विसाव्या शतकाच्या आरंभी बंगाल-नागपूर रेल्वेने हा मार्ग घातला तेव्हा त्याच्या रुळांतील अंतर अवघे अडीच फूट होते, आणि त्यावरून धावणारी ती छोटी गाडी शंभराहून अधिक वर्षे या रानातील लोकांची सोबतीण होती. आता तेथे मोठी गाडी धावते. इंग्रजी अमदानीत बालाघाट जिल्हा मध्यप्रांताच्या नागपूर विभागात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्यप्रदेशात राहिला. सीमेवर हिंदी व मराठी एकमेकींत मिसळलेल्या असतात. तेथे शुद्धाशुद्धाचा निवाडा करू पाहणाऱ्याने जरा जपून पाऊल टाकावे. आम्ही ते टाकले नाही.

आम्ही तेव्हा कायद्याचे विद्यार्थी होतो. गाडीला अवकाश होता म्हणून स्थानकाबाहेर हिंडत असता वह्या, पेन्सिली, शाईच्या बाटल्या विकणारे एक लहानसे दुकान दिसले. दुकानाच्या माथ्यावर इंग्रजीत 'स्टेशनरी' असे लिहिले होते. पण अखेरच्या अक्षरांत जेथे 'ई' पाहिजे तेथे 'ए' घातला होता. या एका अक्षराने अर्थ पालटतो. 'ई' असेल तर लेखनसाहित्य, 'ए' असेल तर अचल, जागचे न हलणारे. मालमत्तेचा कायदा नुकताच वाचलेला, आम्ही चारचौघांदेखत म्हणालो, "तुमच्या पाटीप्रमाणे तुमचा सारा माल स्थावर झाला, आता वही विकायची तर खरेदीखत नोंदवावे लागेल!" गिऱ्हाइके हसली ती विनोद कळून नव्हे, तर दुकानदाराची फजिती झालेली पाहून. तो हसला नाही. "भाऊ, पाटी वाचते कोण जी? गिऱ्हाईक वही पाहून येते," एवढेच तो म्हणाला. त्याच्या शेजारी त्याचा शाळकरी मुलगा बसला होता. त्याने मान खाली घातली. काही महिन्यांनी आम्ही पुन्हा त्या वाटेने गेलो तेव्हा इंग्रजी ओळीवर चुन्याचा पट्टा ओढलेला होता. चूक दुरुस्त झाली नव्हती. ती लपविली गेली होती.

हा प्रसंग आमच्या मनातून कधी गेला नाही, आणि पुढे एकदा शब्दकोश चाळताना त्याने आम्हांस चांगलेच ओशाळविले. इंग्रजीतील हे दोन्ही शब्द एकाच लॅटिन मुळापासून निघाले आहेत. मध्ययुगीन युरोपात बहुतेक विक्रेते माल पाठीवर घेऊन गावोगाव फिरत. परंतु विद्यापीठांच्या आसपास ग्रंथ विकणाऱ्यांना मात्र एका जागी दुकान मांडून बसण्याची मुभा असे. जागेवर बसणारा विक्रेता म्हणून तो 'स्टेशनर', आणि तो विकील ती 'स्टेशनरी'. ज्या आगगाडीच्या स्टेशनाबाहेर आम्ही उभे होतो त्या शब्दाचे मूळही तेच. म्हणजे लामत्याच्या त्या दुकानदाराने आजच्या शुद्धलेखनाची चूक केली होती हे खरे; परंतु शब्दाच्या कुळाशी त्याची पाटी इमान राखून होती. कूळ ठाऊक नव्हते ते आम्हांला.

एका शब्दाने अनर्थ होतो, हे आपल्या पूर्वजांना चांगले ठाऊक होते. त्वष्ट्याने इंद्राचा वध करणारा पुत्र व्हावा म्हणून यज्ञ मांडला आणि 'इंद्रशत्रु' हा शब्द उच्चारला. इंद्राचा घातक असा तत्पुरुष समास त्याच्या मनात होता. परंतु स्वर चुकीच्या जागी पडला आणि इंद्र ज्याचा घातक आहे तो, असा बहुव्रीहीचा अर्थ झाला. वृत्र जन्मला आणि इंद्राच्याच हातून मेला. व्याकरण का शिकावे हे सांगताना पतंजलीने महाभाष्याच्या आरंभीच या कथेचा आधार घेतला आहे.

दुसरी कथा आपल्याच पैठणची. अकराव्या शतकात सोमदेवाने रचलेल्या कथासरित्सागरात सातवाहन राजाची जलक्रीडा वर्णिली आहे. राणी थकून राजाला म्हणाली की, पाण्याने मला मारू नका. 'मा' आणि 'उदकैः' यांचा संधी होऊन 'मोदकैः' झाले, आणि राजाने मोदकांची ताटे मागविली! राणी हसली, परिवार हसला. राजाने अन्नपाणी सोडले, बोलणे टाकले. विद्या तरी येवो नाही तर मरण येवो अशा निर्धाराने तो पडून राहिला. गुणाढ्य पंडित म्हणाला, सहा वर्षांत व्याकरण शिकवितो. शर्ववर्मा म्हणाला, सहा महिन्यांत. शर्ववर्म्याने कार्तिकेयाची आराधना केली, त्याला कातंत्र व्याकरण प्राप्त झाले आणि राजा शिकला. पैज हरलेल्या गुणाढ्याने संस्कृत, प्राकृत आणि देशभाषा यांचा त्याग केला व पुढे पैशाचीत बृहत्कथा रचली.

या दोन कथांत एक भेद आहे. पहिलीत चुकीने प्राण गेला. दुसरीत चुकीने काहीच बिघडले नव्हते, बिघडले ते हसण्याने. चार मोदक तळ्याकाठी आले असते तर कोणाचे काय जाते? परंतु राजा लाजेने मरणाच्या दारी गेला. राजाला शर्ववर्मा मिळाला. लामत्याच्या दुकानदाराला चुन्याची बादली मिळाली.

इंग्रजीच्या बाबतीत हे हसणे आपण कोणाकडून शिकलो, याचाही शोध घेतला पाहिजे. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' काढले, तेव्हा त्यात मराठी व इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी छापला जाई; दोन भाषा एका पानावर सन्मानाने नांदत. १८३५ मध्ये मेकॉलेसाहेबांचे टिपण आले, १८५७ मध्ये मुंबईचे विद्यापीठ निघाले, आणि इंग्रजी ही चाकरीची किल्ली झाली. मग हिंदी माणसाच्या इंग्रजीची थट्टा करणे हा साहेबांच्या क्लबातील करमणुकीचा विषय झाला. १८९१ मध्ये आर्नल्ड राइट यांनी बाबू-इंग्रजीच्या नमुन्यांचे पुस्तकच काढले. १८९७ मध्ये बाबू जबरजी या काल्पनिक पात्रावर लंडनकर पोट धरून हसत होते. त्या मानाने जॉर्ज क्लिफर्ड व्हिटवर्थ यांचे काम गंभीर होते. मुंबई इलाख्याच्या सनदी नोकरीत राहिलेल्या या गृहस्थांनी १९०७ मध्ये हिंदी लोकांच्या इंग्रजीतील वाक्प्रयोगांच्या चुका गोळा करून त्यांची चिकित्सा केली. चूक दाखविणे आणि चुकणाऱ्याला हिणविणे यांत अंतर आहे ते येथे दिसते.

आणि साहेबांच्या चुकांचे काय झाले? त्या कोशात गेल्या! मोहरमच्या मिरवणुकीतील हसन-हुसेन यांच्या नावांचा घोष गोऱ्या सोल्जरांच्या कानी पडून त्याचे 'हॉब्सन-जॉब्सन' झाले, आणि यूल व बर्नेल यांनी १८८६ मध्ये तेच नाव आपल्या जाडजूड कोशाला दिले. पुरीच्या जगन्नाथाचे 'जगरनॉट' झाले, आणि सापडेल त्यास चिरडीत जाणारी आंधळी शक्ती असा त्याचा अर्थ रूढ झाला. रथाखाली भक्त स्वतःला लोटून देतात या ऐकीव वार्तेतून हा अर्थ निघाला. १८७२ मध्ये ओरिसावर ग्रंथ लिहिताना विल्यम हंटर यांनी या आरोपाचे खंडन केले. परंतु कोशातील अर्थ काही बदलला नाही. आम्ही 'फर्निचर' चे अनेकवचन केले तर ते अज्ञान, आणि त्यांनी जगन्नाथाचा राक्षस केला तर ती भाषेची समृद्धी!

याच हंटरसाहेबांनी आपल्या गावांच्या नावांचे रोमन लेखन एका पद्धतीत बसविण्याचा उद्योग केला. 'जब्बलपोर' च्या जागी आज जबलपूर दिसते ते त्या पद्धतीचे फळ. तरीही रोमन लिपीची मर्यादा राहतेच. लामत्याच्या फलकावरील इंग्रजी अक्षरे परक्याने वाचली तर तो 'लमटा' म्हणेल, 'लॅमटा' म्हणेल. कारण ऱ्हस्व-दीर्घाचा आणि त-टचा भेद त्या पाच अक्षरांत मावत नाही. आमच्या गोमंतकीय वाचकांना तर हे दुःख अधिक परिचयाचे आहे. पोर्तुगीज लेखनपद्धतीत 'केपें' अगदी बरोबर लिहिले गेले. पण १९६१ नंतर तीच अक्षरे इंग्रजीच्या डोळ्यांनी वाचली जाऊ लागली आणि केप्याचे 'क्वेपेम', पेडण्याचे 'पेर्नेम', साखळीचे 'सॅंक्वेलिम' झाले. शेवटचा 'एम' हा कोंकणी अनुस्वार दाखविण्यासाठी होता हे पर्यटकाला कोण सांगणार? येथे लिहिणारा चुकला नाही, वाचणारा चुकला. तरी पाटी हास्यास्पद ठरली.

आम्ही व्यवसायाने वकील असल्यामुळे या प्रश्नाकडे कायद्याच्या बाजूनेही पाहतो. लोकांचा समज असा की कायदा अक्षराला चिकटून बसतो. वस्तुतः तो व्याकरणाच्या पंतोजीपेक्षा पुष्कळदा दयाळू असतो. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याच्या ९५ व्या कलमाखाली एक उदाहरण होते: एकाने 'माझे कलकत्त्याचे घर' म्हणून दस्त लिहून दिला, कलकत्त्यात त्याचे घर नव्हतेच, हावड्यास होते, आणि खरेदीदाराने त्याचाच ताबा घेतलेला होता. तर हा दस्त हावड्याच्या घराविषयी आहे हे सिद्ध करता येईल, असे कायदा म्हणतो. तो कायदा जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला, तरी तत्त्व टिकून आहे. हेतू स्पष्ट असेल तर वर्णनातील चूक दस्ताला मारीत नाही.

मात्र हेतूच संदिग्ध झाला की एक स्वल्पविरामही भारी पडतो. अमेरिकेतील मेन राज्यात दूध पोचविणाऱ्या चालकांनी जादा कामाचा मोबदला मागितला. कायद्याच्या एका यादीत अखेरच्या शब्दांआधी स्वल्पविराम नव्हता, म्हणून अर्थ दोन निघाले. २०१७ मध्ये अपील न्यायालयाने चालकांच्या बाजूने कौल दिला, आणि पुढल्या वर्षी मालकांनी पन्नास लाख डॉलर देऊन तडजोड केली. औषधाच्या बाटलीवरील सूचना, विजेच्या खांबावरील इशारा, घाटातील वळणाची पाटी, भाडेकरारातील कलम ही सारी 'इंद्रशत्रु' च्या जातीची होत. तेथे चूक दिसली तर गप्प बसणे हा अपराध समजावा. दुकानाच्या पाट्या बहुधा 'मोदक' जातीच्या असतात.

चुकीच्या इंग्रजीनेही कार्य साधते याचा एक प्रसिद्ध दाखला रेल्वेच्याच इतिहासात आहे. १९०९ मध्ये ओखिल चंद्र सेन नावाच्या प्रवाशाने साहिबगंजच्या रेल्वे कचेरीला पत्र लिहिले. फणस खाऊन पोट बिघडले, शौचाला उतरले असता गाडी सुटली, आणि फलाटावर लोकांसमक्ष विटंबना झाली, अशी त्याची तक्रार होती. त्यातील इंग्रजी जागोजाग मोडलेले आहे. परंतु तक्रार कोणती, दुःख कोणते, याविषयी वाचणाऱ्यास तिळमात्र शंका राहत नाही. डब्यांत शौचकूप आले ते या पत्रामुळे, असे सांगतात. दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात ते पत्र मानाने ठेवले गेले. उलट मालमोटारीच्या पाठीवरील 'हॉर्न ओके प्लीज' पाहा. त्याचा अन्वय कोणत्याही वैयाकरणाला लावता आलेला नाही. तरी २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने त्यावर बंदी घातली ती व्याकरणासाठी नव्हे, तर त्यामुळे भोंगे वाजविण्यास उत्तेजन मिळते म्हणून. म्हणजे अर्थ सर्वांना पोचला होता!

शेवटी एक प्रश्न उरतो: लामत्याच्या त्या दुकानदाराला इंग्रजीत लिहावेसे का वाटले? गिऱ्हाईक पाटी वाचीत नाही हे त्याला ठाऊक होते. इंग्रजी ओळ होती ती प्रतिष्ठेसाठी. आणि ती प्रतिष्ठा इंग्रजीला आपणच बहाल केली. महाराष्ट्रात दुकानांवर मराठी देवनागरी पाटी सक्तीची झाली, २०२२ मध्ये लहान दुकानेही त्या नियमाखाली आली, आणि २५ सप्टेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने व्यापाऱ्यांना दोन महिन्यांत पाट्या लावण्यास सांगितले. आमच्या मते हे योग्यच झाले. परंतु कायदा पाटी बदलू शकतो, हसणाऱ्याचे मन बदलू शकत नाही. ते काम आपले आहे.

म्हणून वाचकांस आमची एवढीच विनंती: पाटीवर चूक दिसली तर प्रथम हे पाहावे की तिने कोणाचे नुकसान होते काय. होत असेल तर तात्काळ सांगावे. होत नसेल तर सांगावे की न सांगावे याचा विचार करावा, आणि सांगायचेच तर दुकानदार एकटा असताना, त्याचे मूल शेजारी नसताना, हलक्या आवाजात सांगावे. शक्य तर रंगाचा डबा आणून देऊन सांगावे. आम्ही लामत्यास एक अक्षर दुरुस्त करावयास गेलो आणि एक ओळ पुसून आलो. तो मुलगा आता मोठा झाला असेल. त्याने इंग्रजी शिकले असेल तर आनंद आहे; आमच्या हसण्याला भिऊन सोडून दिले असेल, तर त्या चुकीला कोणत्याही व्याकरणात दुरुस्ती नाही.