परीक्षेआधीची परीक्षा

परिचारिकेची लायकी कोणी ठरवावी, हा वाद सव्वाशे वर्षांचा आहे. न्यूझीलंडने १९०१ साली परिचारिकांच्या नोंदणीचा स्वतंत्र कायदा केला. अमेरिकेत १९०३ साली नॉर्थ कॅरोलायना राज्याने पहिले पाऊल टाकले. मग राज्याराज्यांच्या परीक्षा निघाल्या आणि १९४४ पासून, ऐन महायुद्धात, सामाईक प्रश्नसंच वापरात येऊ लागला. १९८२ साली त्याच्या जागी 'एनक्लेक्स' आली. १९९४ पासून ती संगणकावर होते. उत्तर बरोबर आले की पुढचा प्रश्न अवघड, चुकले की सोपा. उमेदवाराच्या लायकीविषयी शेकडा ९५ खात्री पटली की यंत्र थांबते. तेव्हा कोणी ७५ प्रश्नांत सुटे, कोणी २६५ पर्यंत खिळून बसे.

याच दशकात खासगी कंपन्यांच्या सराव परीक्षा महाविद्यालयांत शिरल्या. कोणता विषय कच्चा आहे हे मुलीला वेळेवर कळले तर ते हिताचेच. त्याविरुद्ध आमची तक्रार नाही. पण पुष्कळ संस्थांनी ह्या सरावाचाच उंबरठा केला. अमुक गुण नाहीत, तर पदवी नाही. पदवी नाही, तर परवान्याच्या परीक्षेला बसणे नाही!

का? तर अनेक राज्यांत संस्थेची मान्यता पहिल्या खेपेस उत्तीर्ण होणाऱ्यांच्या प्रमाणावर अवलंबून असते. शेकडा ८० हा आकडा नेहमी ऐकू येतो. कच्च्या वाटणाऱ्या मुली मागे ठेवल्या की आकडा आपोआप सुधारतो. कारखान्यातली असली हातचलाखी आम्हां कामगारांच्या ओळखीची आहे.

आता भाकिताचे बघा. सरावात वरचे गुण मिळवणाऱ्या बहुतेक जणी पुढे उत्तीर्ण होतात, हे खरे. परंतु कमी गुणांवरून नापास ठरवणे फार कच्चे. अशांतल्या कितीतरी जणी पुढे उत्तीर्ण होतात. आणि जिला बसूच दिले नाही तिच्याबाबतीत भाकीत चुकले की नाही, हे तपासायचे कोणी? तीन-चार वर्षांची फी भरलेली, डोक्यावर कर्ज, आणि पगार मात्र लांबलेला, हा भार तिच्या एकटीवर.

अमेरिकेच्या नॅशनल लीग फॉर नर्सिंग ह्या संस्थेने २०१२ साली न्याय्य परीक्षेची तत्त्वे मांडली. एकाच चाचणीवर विद्यार्थिनीचे भवितव्य ठरवू नये, इतर पुरावाही पाहावा, असा त्यांचा आशय आहे. तत्त्वे मात्र ऐच्छिक राहिली.